घरपट्टीला आईचं नाव लावायचंय, पाच खेपा झाल्या

मागवाला_पूर्वभाग:
राहतो सोलापुरात, अशोक चौकाजवळ. यंत्रमागावर कामाला आहे. वडील मागच्या वर्षी गेले. गावाकडचं घर त्यांच्या नावावर, घरपट्टी तिथल्या नगरपरिषदेची. गाव सांगत नाही, आई तिथंच राहती. पहिल्या खेपेला मृत्यूचा दाखला मागितला, मग भावाबहिणींची संमती, मग पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. आता 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणलालेत. एक खेप म्हणजे एसटीचं तिकीट, वर हाजरी बुडती. अर्ज दरवेळी बघतात आणि परत देतात. काय करू, सांगा की.

जुना_बारनिशीवाला:
म्हणजे तुमचा अर्ज अजून झालेलाच नाही! २९ वर्षं बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक विभागात काढली, म्हणून सांगतो. अर्ज नामंजूर केला तर कारण लिहावं लागतं. बघून परत दिला तर काहीच लिहावं लागत नाही. मीही दिलेत असे, खोटं कशाला बोलू. त्या घरपट्टीच्या टेबलावर जाऊच नका. थेट बारनिशीत दोन प्रती द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे, काम करून द्यायची मुदत तिथल्या फलकावर असते. मुदतीत झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. दंड ५०० ते ५००० रुपये, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून. आणि तो स्टॅम्प घेऊ नका. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २००४ लाच माफ झालंय.

साखरपेठकर:
कायदा ठीक आहे काका, पण आई तिथं एकटी. उद्या नळाचं काम निघालं की हेच लोक समोर.

जुना_बारनिशीवाला:
खरंय. म्हणून आधी अपीलाचं नावच काढू नका. आवक क्रमांक पडला की पुष्कळदा तेवढ्यावरच कागद हलतो. अजून एक, घरपट्टीला नाव लागलं म्हणजे मालकी लागली असं नाही. प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागेच्या मालकीची सरकारी नोंद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाला वेगळा अर्ज.

मागवाला_पूर्वभाग:
सोमवारी जाऊन आलो. बारनिशीतल्या बाईंनी एक शब्द न विचारता शिक्का मारला, दोन मिनिटं लागली. प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर दिलं. स्टॅम्पचे पाचशे मात्र आधीच गेलेत, ते सोडा. भूमी अभिलेखला कोणते कागद लागतात?