मदत हवी आहे: स्पोर्ट्स इंजिनीअरिंगची ऑफर आलीये, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत, भरू का?

टो_फुगला (सोमवार, रात्री ११:४२)
लोकहो प्लीज लवकर सांगा, वेळ नाहीये. यूकेतून एमएससी स्पोर्ट्स इंजिनीअरिंगची ऑफर आलीये, शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर सीट गेली. बाबा म्हणतायत हे कसलं इंजिनीअरिंग, बॅटीच बनवायच्या तर मेरठला जा, स्लीपरने जाता येतं. आई काहीच बोलत नाहीये, म्हणजे तिचाही नकारच. भरू का नको एवढंच सांगा. ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा, ज्ञान घरी भरपूर मिळतंय.

घाटकोपरचा_गण्या
कुठली युनिव्हर्सिटी? डिपॉझिट किती? परत मिळतं का? बीई आहेस का बीएससी? लोन काढणार का घरचे पैसे? अर्धं पोटात ठेवून विचारतोस आणि वर म्हणे लवकर सांगा.

टो_फुगला
बीई. दोन हजार पाउंड. युनिव्हर्सिटीच्या नावाने काय फरक पडतो, कोर्स चांगला आहे का ते सांगा ना.

मीनल_मावशी
अभिनंदन बाळा! माझ्या बहिणीच्या मुलाने स्पोर्ट्स मॅनेजमेंट केलं इथेच अंधेरीला, आता एका लीगच्या टीमकडे आहे, तिकिटं, पास, स्पॉन्सरचे बोर्ड सगळं तोच बघतो. घर सोडावं लागलं नाही. तूही तेच कर, नंबर देऊ का त्याचा?

टो_फुगला
मावशी ते मॅनेजमेंट, हे इंजिनीअरिंग. वेगळं असतं.

मीनल_मावशी
स्पोर्ट्स तर आहेच ना दोन्हीत.

खडूस_परळकर
मी तीस वर्षं क्लब क्रिकेट खेळलो. बॅट धोबीतलावला जाऊन घ्यायची, कानाजवळ धरायची, जुन्या बॉलने ठोकायची, पिंग ऐकायचा, संपला विषय. लाकूड झाडाचं, बॅट कारागिराच्या हाताची, इंजिनीअर मध्ये कुठून आला? ॲल्युमिनियमची बॅट पण झाली होती, ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली घेऊन उतरला होता १९७९ ला पर्थमध्ये. काय झालं? बदलायला लावली. खेळात अक्कल चालवायची ती क्रीजवर.

वेल्डिंगवाला
परळकर काका, तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. लिलीनंतर बॅटचं पातं लाकडाचंच हवं असा नियम करावा लागला, म्हणजे कोणीतरी बसून विचार केलाच ना. आता २०१७ पासून तर कड ४० मिमी, जाडी ६७, याच्या वर चालत नाही, अंपायरकडे गेज असतं. क्रिकेट सोडा, भाला घ्या. १९८४ ला उवे होननी १०४.८० मीटर फेकला, मैदान पुरेना, आणि भाला सपाट पडायचा त्यामुळे टोक टेकलं का नाही यावर भांडणं व्हायची. १९८६ ला पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे आणला. बस्स एवढंच केलं, पण टोक लवकर खाली यायला लागलं आणि अंतर कमी झालं. नीरजने टोकियोत ८७.५८ ला सोनं घेतलं ते या नव्या भाल्याने. हे चार सेंटीमीटर म्हणजे स्पोर्ट्स इंजिनीअरिंग, क्रीजवरच्या अकलेने होत नाही.

खडूस_परळकर
भाल्याचं मला सांगू नका, मी बॅटबद्दल बोलतोय.

वेल्डिंगवाला
मग पोहण्याचं सांगतो. २००८ ला बीजिंगमध्ये ते गुळगुळीत सूट घालून रेकॉर्डची रांग लागली होती, जानेवारी २०१० पासून बंदीच आणली. ते बनवणारे पण इंजिनीअर आणि बंदी घालायला आकडे देणारे पण तेच. दोन्हीकडून पगार.

प्रयोगशाळेतली_पल्लवी
मी हाच मास्टर्स यूकेत केलाय म्हणून लिहिते. आधी मॉड्यूलची यादी बघ, कारण या नावाखाली काहीही विकलं जातं. बायोमेकॅनिक्स, मटेरियल्स, एरोडायनॅमिक्स, सेन्सर आणि मापन, थोडं कोडिंग असेल तर ते इंजिनीअरिंग. न्यूट्रिशन, सायकॉलॉजी, कोचिंग जास्त असेल तर ते स्पोर्ट्स सायन्स, वाईट नाही पण तुला ते हवंय का? शेफील्ड हॅलम, लफबरो, नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट या जागा या विषयात जुन्या आहेत, यातली आहे का कुठली? आणि तीन गोष्टी तू लिहिल्याच नाहीस. ब्रांच कुठली, हाच विषय का, आणि ऑफर कंडिशनल, म्हणजे अटीवरची, आहे का अनकंडिशनल.

नोकरीचं खरं सांगते. "स्पोर्ट्स इंजिनीअर हवा" अशी जाहिरात मी फार कमी बघितली. माझ्या बॅचचे लोक बुटांच्या टेस्टिंगमध्ये गेले, कृत्रिम पाय बनवणाऱ्यांकडे गेले, बॉल ट्रॅकिंगच्या कॅमेऱ्यांकडे गेले, एकजण सरळ गाड्यांच्या कंपनीत. मी स्वतः हेल्मेट आपटते दिवसभर. आणि कोर्सनंतरचा व्हिसा दोन वर्षांचा असायचा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज केला तर १८ महिनेच. लोन काढणार असशील तर हे धरून हिशोब कर.

टो_फुगला
थँक्स ताई, पहिलं कामाचं उत्तर. मॉड्यूल तुम्ही म्हणता तसेच आहेत, न्यूट्रिशन नाहीये. ब्रांच इन्स्ट्रुमेंटेशन. हाच विषय का, तर कांगा लीग खेळतो, पावसात दर वर्षी बॅटचा टो, म्हणजे खालचं टोक, फुगतो, मग तडा जातो. दोन बॅटी गेल्या, दुसरी पहिल्या स्टायपेंडची होती, ओल्या पॅडांसकट लोकलमधून घरी आणली आणि खालून बघतो तर टोचं लाकूड शेवेसारखं सुटलेलं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे होतं कसं आणि थांबवायचं कसं. अर्जासोबतच्या निबंधात, एसओपीत, हेच लिहिलं होतं. ऑफर कंडिशनल आहे पण ते काय सगळ्यांनाच देतात.

खडूस_परळकर
त्याला इंजिनीअरिंग लागत नाही, अळशीचं तेल लागतं. पातळ हात, आडवी ठेवून रात्रभर सुकवायची, असं दोनतीनदा. स्टिकरवर आणि हँडलला तेल लावायचं नाही. मग लाकडी मॅलेटने पाच-सहा तास ठोकायची, कडा तिरप्या ठोकायच्या. आजकालच्या पोरांना ठोकायचा कंटाळा.

वेल्डिंगवाला
काका तेलाने टो थांबत नाही. झाडाच्या नळ्या उभ्या असतात, टोला त्यांची तोंडं उघडी पडतात, तिथून पाणी दिव्याच्या वातीसारखं वर ओढलं जातं. तिथे रबरी टो गार्ड चांगल्या गोंदाने चारी बाजूंनी बंद करायला लागतो.

खडूस_परळकर
आम्ही कांगा लीग तेलावरच खेळलो.

वेल्डिंगवाला
आणि दर सीझनला नवीन बॅट घेतली, ते नाही सांगत.

व्हिसा_मित्र_दादर
नमस्कार, आमच्याकडे यूके, कॅनडा, आयर्लंड सर्व कामे होतात. फाईल फी मध्ये सूट.

घाटकोपरचा_गण्या
याला कोणीतरी उडवा. आणि टो फुगल्या, कंडिशन काय आहे ती लिही. "सगळ्यांनाच देतात" हे उत्तर झालं का?

टो_फुगला
डिग्री पूर्ण पाहिजे, सगळे विषय पास. ते होईलच. एम थ्रीची, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरची, केटी राहिलीये फक्त, नापास झालो होतो, परत द्यायचाय.

घाटकोपरचा_गण्या
फक्त!!! अरे दोन दिवस झाले धागा सुरू होऊन, आता सांगतोस? सेकंड इयरचा विषय फायनलपर्यंत ओढत आणलास?

प्रयोगशाळेतली_पल्लवी
अरे देवा. मग प्रश्न कोर्स चांगला का वाईट हा नाहीच आहे. केटी सुटली नाही तर कंडिशन पूर्ण होत नाही, मग युनिव्हर्सिटी व्हिसाचं पत्र देणार नाही, आणि दोन हजार पाउंड तिकडेच. ऑफर लेटरमध्ये रिफंडचा भाग वाच. व्हिसा नाकारला तर बऱ्याचदा परत करतात, पण कंडिशन पूर्ण झाली नाही तर करतात का, ते तिथे नीट शोध. मग ॲडमिशनला दोन ओळींचा मेल टाक: रिझल्ट अमुक तारखेला आहे, डिपॉझिटची मुदत वाढेल का, नाही तर पुढच्या वर्षी डिफर होईल का. लपवू नकोस, मार्कशीट मागतातच.

इन्स्ट्रुमेंटेशन चांगलं आहे, उगाच कमी समजू नकोस. सेन्सर येणारी माणसं या विषयात कमी असतात, मेकॅनिकलची भरपूर.

चेंबूरची_चकली
यूकेच का पण? आयआयटी मद्रासला स्पोर्ट्स सायन्स अँड ॲनालिटिक्सचं सेंटर आहे. चेन्नईतच श्री रामचंद्रला आयसीसीची मान्यता असलेली बोलिंग ॲक्शन तपासायची लॅब आहे, कोपर १५ अंशाच्या वर सरळ होतो का ते कॅमेऱ्याने मोजतात. आधी तिथे इंटर्नशिपसाठी मेल करून बघ ना, पाउंड जात नाहीत.

मीनल_मावशी
चेन्नईला उकाडा फार.

प्रयोगशाळेतली_पल्लवी
चकली +१. आणि या आठवड्यात घरच्या घरी एक कर. बॅट हँडलच्या टोकाला दोन बोटांत सैल लटकव आणि टोपासून वर दोन-दोन सेंटीमीटरवर बॉलने हलकं टकटक कर. एका जागी बोटांना झिणझिणी जवळजवळ लागत नाही, टोपासून वीतभराच्या जरा खाली सापडेल. तो कंपनाचा नोड, तुमचा स्वीट स्पॉट. मग बॉल दोन मीटरवरून फरशीवर सोड, मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये किती वर आला बघ. ६० सेंटीमीटर आला तर ०.६ भागिले २, त्याचं वर्गमूळ, ०.५५ च्या आसपास, हा बॉलच्या उसळीचा आकडा. नवा बॉल, जुना बॉल, ओला बॉल, प्रत्येकी वीसदा. वीसदा करताना कंटाळा आला तर दोन हजार पाउंड वाचले समज, कारण या कोर्समध्ये हेच दोनशेवेळा करायचं असतं.

टो_फुगला (गुरुवार, रात्री १२:१०)
मेल आला. मुदत वाढत नाही, पण डिफर होईल, पुढच्या सप्टेंबरला, परत अर्जाची फी नाही. डिपॉझिट भरत नाहीये आत्ता. चेन्नईला पण मेल टाकलाय.

बॉलचं केलं. मोबाईल बाबांनी धरला होता. खालचे जोशी दोनदा वर येऊन गेले. बाराव्या बॉलला बाबा म्हणाले तुझं रीडिंग चुकतंय, बॉलचा तळ बघायचा, तू मधला भाग बघतोयस, आणि मोजपट्टी भिंतीला चिकटव, हातात धरू नकोस. मग सगळं पहिल्यापासून. ओला बॉल आईने किचनमध्ये आणू दिला नाही म्हणून तो राहिलाय, सोमवारनंतर करणार.

खडूस_परळकर
बाबांना क्रिकेट कळतं.

घाटकोपरचा_गण्या
सोमवारनंतर का? सोमवारी काय आहे?

टो_फुगला
एम थ्रीचा पेपर.

घाटकोपरचा_गण्या
धागा बंद करा रे कोणीतरी. याला अभ्यासाला बसवा.