माजघराचा काळोख आणि काचेचा उजेड

ओसरीकर: "वाडे अंधारे होते, कारण बांधणाऱ्यांना उजेडाची जाणच नव्हती, काचेची भिंत हीच खरी प्रगती," असे काल येथे 'काचघर' यांनी लिहिले, ते वाचून राहवले नाही. त्यांनी एकदा संध्याकाळी कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहावे. पश्चिमेकडील एका मोठ्या गवाक्षातून आलेले ऊन सुमारे ३७ मीटर लांबीच्या त्या लेण्यात स्तूपाच्या दिशेने जाते, खांबांमागचा प्रदक्षिणामार्ग मात्र काळोखात राहतो, म्हणूनच नजर स्तूपावरून हलत नाही. सगळीकडे सारखा उजेड असता, तर त्याचे मंगल कार्यालय झाले असते.

काचघर: लेण्यात कोणी संसार थाटत नाही. वाड्यातील भाडेकरूच्या खोलीत मी भर दुपारी दिवा लावून अभ्यास केला आहे, त्यामुळे छायेचे कौतुक मला सांगू नये.

महाद्वार: कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोहोचावीत, अशी रचना आहे. त्या वाटेत इमारती आडव्या येतात, त्याविषयी येथे कोणीच का बोलत नाही?

चुलीपाशी: कारण आपण सगळेच पुरुष ओसरीवर बसून बोलत आहात. चौकातले ऊन तुमचे, माजघराचा काळोख बायकांचा. माझ्या आजीने भांडून स्वयंपाकघरावर एकच काचेचे कौल बसवून घेतले होते. त्यातून पडणारा कवडसा धुरात काठीसारखा उभा दिसे, आणि तो सरकत जात्यापाशी आला की ती आमटीला फोडणी देई. तिला छाया नव्हे, आणखी चार कौले हवी होती.

ओसरीकर: जाड भिंती आणि लहान खिडक्या यांमुळे वैशाखात घर थंड राहत असे, यात बायकांविरुद्ध कट शोधणे हास्यास्पद आहे!

चुलीपाशी: चुलीपुढे बसलेल्या बाईला तो थंडावा किती लाभत असे, ते एकदा सांगावे.

ओसरीकर: बरे, स्वयंपाकघरापुरते मान्य. कार्ल्याचे मात्र मागे घेणार नाही.

काचघर: राहवत नाही म्हणून सांगतो. आमच्या कार्यालयाची पश्चिमेची भिंत संपूर्ण काचेची आहे, आणि दुपारी तीननंतर आम्ही पडदे ओढून दिवे लावतो. यावरून वाडे बरे होते असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये.

चुलीपाशी: म्हणजे भर दुपारी दिवा लावणे काही सुटले नाही.