कॉलममधली अडत फक्त पहिल्याच ओळीत का वजा होते

मूळ प्रश्न एक्सेलमधल्या आंब्याच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाचा) आहे: बी मध्ये पेट्या, सी मध्ये दर, एच१ मध्ये अडतीचा (दलालाच्या कमिशनचा) टक्का, आणि डी मध्ये हातात येणारी रक्कम सगळ्या ओळींना हवी. एका उत्तरात सुचवलंय की सूत्र खाली ओढा. ओढा, पण आधी डॉलर लावा. डी२ मध्ये:

=बी२*सी२*(१-$एच$१)

(अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी.) डॉलर नसेल तर पुढच्या ओळीत एच१ चं एच२ होतं. तो रिकामा, म्हणजे शून्य. अडत वजाच होत नाही. एररही दिसत नाही, त्यामुळे थेट हंगामाच्या शेवटी हिशोब जुळत नाही. सूत्रात एच१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर लागतात.

मग डी२ च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर डबल क्लिक. मध्ये पूर्ण कोरी ओळ असेल तर भरणं तिथेच थांबतं. अशा वेळी डी२ पासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडून कंट्रोल+डी. कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून मात्र हे करू नका, डी१ मधलं शीर्षकच १०,४८,५७६ ओळींत उतरतं!

रोज नवी रवानगी चढवायची असेल तर सरळ कंट्रोल+टी करून टेबल बनवा. नव्या ओळीत सूत्र आपोआप येतं. माझं मत यालाच.

आणि पेट्यांच्या रकान्यात ‘12 पेटी’ लिहू नका, नुसतं 12. शब्द आला की गुणाकाराच्या जागी व्हॅल्यू एरर.