वरची वाडी, खालची वाडी

'ज्याला स्वतःबद्दल कमीपणा वाटतो, तोच आपल्या गटाचा टेंभा मिरवतो' असं काहीजण म्हणतात. अर्धंच पटलं. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल आणि मंडळींनी (प्रयोग १९७१ साली छापून आला) इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे चित्रांच्या आवडीवरून, तेही नावापुरतेच, गट पाडले. तरी मुलांनी आपल्याच गटाला झुकतं माप दिलं. पुढे रुबिन आणि ह्यूस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अशा संशोधनाचा आढावा घेतला, त्यात भेदभाव केल्यावर स्वाभिमान वाढतो याला बऱ्यापैकी आधार मिळाला. कमी स्वाभिमानातून भेदभाव येतो याला फारसा नाही.

आमच्याकडे रत्नागिरीत शिमग्याला पालखी नाचवताना बघा. 'खालच्या वाडीला जमतंय काय!' म्हणून ओरडणारा आमचा काका कसला न्यूनगंडवाला? घामाने निथळतोय, खांदा सोललाय, पण पालखी उतरवल्यावर छाती दोन इंच फुगलेली.