‘इमेज करणे’ म्हणजे घेणे की टाकणे?

प्रश्न

वर्कस्टेशनच्या हार्ड डिस्कच्या इमेज (म्हणजे फाइलींमध्ये साठवलेली अख्खी डिस्क) घेण्यासाठी बूटचा पेनड्राइव्ह कसा तयार करायचा, याचं मराठी टिपण लिहितो आहे. वाचणारे या कामात नवे आहेत. ‘बूटेबल मीडिया’, ‘इमेज’ आणि ‘इमेजिंग’ या तीन शब्दांपाशी अडलोय. ‘आरंभक्षम माध्यम’, ‘प्रतिमा’, ‘प्रतिमांकन’ असं लिहून पाहिलं, पण माझं मलाच वाचवेना. काय लिहावं?

उत्तर

‘मीडिया’ सोडूनच द्या. मराठीत मीडिया म्हटलं की वर्तमानपत्रं आणि वाहिन्या डोळ्यांपुढे येतात. इथे हातात असतो तो पेनड्राइव्ह, क्वचित डीव्हीडी. जे असेल त्याचंच नाव लिहा.

‘बूट’ मात्र ठेवा. पायातला बूट आणि हा बूट मुळात एकच. बुटाच्या मागच्या ओढपट्टीला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि ती ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचं अशी अशक्य कल्पना त्या शब्दामागे आहे. चालू होताना संगणकापुढे नेमका हाच पेच असतो. डिस्कवरची प्रणाली वाचायला प्रोग्राम हवा, आणि तो प्रोग्रामही डिस्कवरच. म्हणून आधी एक इवलासा तुकडा वाचायचा आणि त्याच्याकडून पुढचं आणवायचं. जुन्या पद्धतीत हा तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असतो : ४४६ बाइट आज्ञांचे, ६४ पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याचे आणि शेवटचे २ खुणेचे. यूईएफआय ही नवी पद्धत असलेलं मशीन त्याऐवजी फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनवर ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ‘आरंभक्षम’ या शब्दात यातलं काहीच येत नाही. शिवाय क्रियापदं तर मराठीने केव्हाच जुळवून घेतली आहेत : मशीन बूट होतं, आपण ते पेनड्राइव्हवरून बूट करतो.

एक विनंती. आयएसओ म्हणजे बूटची सगळी सामग्री एकत्र बांधलेली फाइल. ‘आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी करा’ असं लिहू नका. नवा माणूस खरोखरच फाइल कॉपी करतो, ती पेनड्राइव्हवर दिसते, आणि मशीन काही बूट होत नाही. ‘राइट करा’ लिहा, आणि पहिल्या उल्लेखालाच सांगून टाका की आयएसओच्या पोटातली रचना पेनड्राइव्हवर मांडली जाते आणि आधीचं सगळं पुसलं जातं. ‘बर्न करा’ हा सीडीच्या काळातला शब्द. तिथे लेसरने थर खरंच तापायचा.

दुसरं उत्तर

व्हेंटॉय हा बूटचा पेनड्राइव्ह तयार करणारा प्रोग्राम वापरणार असाल तर वरच्या सूचनेला अपवाद लिहा. तिथे पेनड्राइव्ह एकदा तयार केला की आयएसओ नुसती कॉपीच करायची असते.

इमेजला ‘साचा’ म्हणावं असं मला वाटतं. एका मशीनची घेऊन वीस मशीनवर टाकतो, म्हणजे साचाच की.

पहिल्याचं उत्तर

वीस मशीनसाठी ‘साचा’ शोभतो. पण एकाच मशीनची, बिघडलं तर हाताशी असावी म्हणून घेतलेली इमेज साचा नव्हे. ‘प्रतिमा’ म्हटलं की फोटो आठवतो, नाहीतर लौकिक. ‘नक्कल’ चांगला शब्द आहे, पण तो क्लोनसाठी राखावा : एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर. इमेज म्हणजे अख्खी डिस्क फाइलींमध्ये बंद करून ठेवलेली. इमेज घेण्या-टाकण्याचा क्लोनझिला हा प्रोग्रामसुद्धा सुरुवातीलाच विचारतो, डिस्क आणि इमेज की डिस्क आणि डिस्क. तेव्हा ‘इमेज’च राहू द्या.

खरा घोटाळा नामात नाही, ‘करणे’त आहे. एकदा मी सहकाऱ्यासाठी चिठ्ठी ठेवली, ‘चार नंबर : इमेज करणे, आजच.’ मला म्हणायचं होतं, चार नंबरची इमेज घे. बाहेरच्या डिस्कवर त्याच मशीनची जुनी इमेज होती. त्याने बूटच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि ती जुनी इमेज मशीनवर टाकली. मधल्या काळात केलेलं सगळं काम गेलं. त्याची चूक नव्हती. वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं, आणि ते मी लिहिलं होतं. ‘इमेज मारणे’ आणि ‘घोस्ट मारणे’ (घोस्ट हा इमेजचा जुना प्रोग्राम) यांतही हाच धोका आहे.

तिसरं उत्तर

मग ‘उतरवून घेणे’ आणि ‘चढवणे’ ही जोडी घ्या ना. शुद्ध मराठी आणि दिशाही स्पष्ट.

पहिल्याचं उत्तर

मलाही आधी ती जोडी आवडली होती. पण डाउनलोडलाही आपण ‘उतरवून घेणे’ म्हणतो. ‘सर्व्हरवरची इमेज मशीनवर उतरवली’ हे वाक्य कोणीही सहज लिहील, आणि तिथे दिशा बरोबर उलटी. ‘घेणे’ आणि ‘टाकणे’ साधे आहेत, रोजचे आहेत. आणि मराठीत विभक्ती आहे, ती वापरा : कशाची, कुठे, कशावर. ही तीन पदं वाक्यात असली की चूक व्हायला जागा उरत नाही. डिस्क कॉपी करणारी लिनक्समधली डीडी ही आज्ञा वापरणाऱ्यांना हे लगेच पटेल. तिथे ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे. एका अक्षराची अदलाबदल झाली की जी डिस्क जपायची तीच पुसली जाते.

विचारणाऱ्याकडून

टिपणाचं नाव बदललं : ‘हार्ड डिस्कची इमेज घेणे आणि टाकणे’. चौथी पायरी आता अशी लिहिली आहे : ‘मशीन पेनड्राइव्हवरून बूट करा. मशीनमधल्या डिस्कची इमेज घ्या आणि ती बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मशीनमधल्या डिस्कवर या पायरीत काहीही टाकायचे नाही.’ शेवटचं वाक्य ठळक केलं आहे.