प्रतिसाद: जामा मशीद फक्त बाहेरून पाहू नका
वर एकांनी लिहिलंय की मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर जामा मशीद बाहेरूनच बघा, आत खास काही नाही. हे अजिबात पटलं नाही. गर्दीबद्दल मात्र सहमत, शेख मेमन स्ट्रीटवर दुपारी पाय ठेवायला जागा नसते. पण खरी गंमत आतच आहे! १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. आतल्या झऱ्यांचं पाणी, तळातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या कमानी, आणि त्यांच्यावर अख्ख्या इमारतीचा भार. पायऱ्या उतरून नमाजी तिथेच वजू करतात, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुतात. मी कडेला उभा होतो तेव्हा लाल-सोनेरी मासे अगदी पहिल्या पायरीपर्यंत येत होते, पाणी हिरवट आणि बाहेरच्या उकाड्यानंतर हवा चक्क गार. झवेरी बाजाराच्या ऐन गजबजाटात जिवंत पाणी टिकून आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि आपल्या कोकणी मुसलमानांचा या मशिदीशी पहिल्यापासून संबंध आहे, हेही इथे कुणी लिहिलं नव्हतं.

जायचं असेल तर शुक्रवारची दुपार आणि नमाजाच्या वेळा टाळा. हातपाय झाकणारे कपडे घाला, दारात विचारूनच आत जा. मला तरी कुणी अडवलं नाही. बायकांना कुठपर्यंत जाता येतं हे तिथेच विचारून घ्या. आणि वजू करणाऱ्यांचे फोटो कृपा करून काढू नका.