मदत हवी आहे: चावी काढली तरी मारुती ८०० चालूच राहते

राम राम मंडळी,

वडिलांची १९९७ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुना भाग). अमळनेरात फिरवली तर काही तक्रार नाही. पण जळगावला जाऊन आलो, किंवा चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर थांबलो, की चावी काढूनही इंजिन थांबत नाही. खडखड करत, आचके देत काही सेकंद चालतं आणि शेवटी जोराचा झटका देऊन बसतं. कधीकधी पेट्रोलचा वासही येतो. चावी माझ्या हातात आणि गाडी चालू, बघणारे हसतात.

पाणी पुरेसं आहे, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो, काटा मध्याच्या वर जात नाही. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, पण हा त्रास दिवाळीनंतरच्या गारव्यात सुरू झाला. त्यामुळे सगळं उन्हावर ढकलायला मी तयार नाही.

त्याआधी एकच काम झालं होतं. गाडी चौकात थांबली की बंद पडायची, म्हणून कार्बोरेटर साफ करून घेतला. तेव्हापासून बंद पडत नाही, पण आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, जरा चढलेलं वाटतं. आता एक मिस्त्री म्हणतो हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून आत साचलेला कार्बन काढू. दुसरा म्हणतो हे इथेनॉलच्या पेट्रोलमुळे झालं, नवा कार्बोरेटर टाका. भंगारात द्या हा सल्ला कृपया नको, तो घरात फुकट मिळतो. हेड खोलण्याआधी काय तपासू?

भुसावळकर: भाऊ, आधी ठिणगी बंद होते की नाही ते बघा. इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगी देणारा भाग) प्लसला टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, लावा आणि चावी काढा. दिवा लागलेलाच राहिला तर इग्निशन स्विच किंवा वायरिंगचा दोष, कार्बोरेटरला हात लावू नका. दिवा विझला आणि इंजिन तरी चालू, म्हणजे आतला कार्बन नाहीतर प्लगचं टोक निखाऱ्यासारखं तापून मिक्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) पेटवतंय. मला हेच वाटतं. ठिणगी मिळत असती तर आचके बसले नसते.

तापीकाठ: हेड इतक्यात उतरवू नका. या कार्बोरेटरला फ्युएल कट सोलेनॉइड, म्हणजे पेट्रोल बंद करणारा विजेवरचा वाल्व्ह, असतो. चावी दिली की त्याची सुई मागे ओढली जाते आणि आयडलचं पेट्रोल सुरू होतं, चावी काढली की सुई पुढे येऊन वाट बंद करते. सुई अडकली तर गाडी आयडलला बंद पडते, म्हणजे तुमची जुनी तक्रार. काही मिस्त्री मग नवा सोलेनॉइड टाकण्याऐवजी सुईचं टोक छाटतात आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढवून देतात. गाडी बंद पडत नाही, आणि मग बंद होतही नाही!

आयडलवर असताना सोलेनॉइडची वायर काढा, इंजिन लगेच बंद पडायला हवं. नाही पडलं तर आयडलचा स्क्रू सैल करून आरपीएम ९००च्या आसपास आणा आणि पुन्हा बघा, कारण थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जास्त उघडा असेल तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने जातंच. प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच आहेत ना, तेही बघा. इथेनॉलने मिक्चर थोडं लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं, जुने रबरी पाइप खराब होतात, हे खरं. पण इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची आपोआप न पेटण्याची ताकद, वाढतो, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारू नका.

तोवर गाडी थांबवायची तर ब्रेक घट्ट दाबून चौथा गिअर टाका, चावी काढा आणि क्लच सोडा. पुढे कोणी उभं नाही ना, एवढं बघा.

धागाकर्ता: दोघांचे आभार. दिवा विझला, म्हणजे स्विच ठीक. वायर काढली तरी इंजिन चालू, आरपीएम उतरवूनही चालूच. सोलेनॉइड खोलला तर सुईचं टोक खरंच छाटलेलं निघालं. आता एवढंच सांगा, जळगाव-धुळ्याकडे नुसता सोलेनॉइड मिळतो का, की दुकानदार अख्खा कार्बोरेटरच गळ्यात मारतात?